जानुशोथ : तेलाचा हात लावण्यापूर्वी

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे फर्दापुरातील माझ्या चिकित्सालयात त्या दिवशी डोलीवाल्यांची गर्दी असते. तक्रार बहुधा गुडघ्याचीच. काही वर्षांपूर्वी असाच एक डोलीवाला आला. उजवा गुडघा सुजलेला, वाटी दाबली असता पाण्यावर तरंगल्यासारखी खाली जाऊन वर येई. संधिगत वात समजून मी महानारायण तेलाचा अभ्यंग व नाडीस्वेद सुरू केला. चौथ्या दिवशी शोथ दुणावला, स्पर्श उष्ण झाला. ऐन हंगामात त्याची मजुरी बुडाली ती माझ्यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे.

चूक शास्त्राची नव्हती. जिव्हा लिप्त होती, अग्नी मंद होता. सामावस्था माझ्या नजरेतून सुटली. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कोल्ह्याच्या मस्तकाची उपमा देऊन वर्णिलेला क्रोष्टुकशीर्ष हा जानुमध्यातील शोथ केवळ वातज नसून वातरक्तज आहे, याचाही मला विसर पडला होता.

तेल तत्काळ थांबविले. जळगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवून गुडघ्यातील द्रव काढून तपासून घेतला, जंतुसंसर्ग नव्हता. मग विश्रांती, लंघन, शुंठीसिद्ध जल, गुळवेल-त्रिफळा क्वाथासह कैशोर गुग्गुळ आणि बाहेरून दशांग लेप. पुढे दोन वेळा जलौकावचरण केले. तीन आठवड्यांत शोथ उतरला, डोली मात्र त्याने दोन महिन्यांनी उचलली. निरामावस्था आल्यावर तेच तेल उपयोगी पडले!

वैद्यबंधूंनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. एकच गुडघा अकस्मात सुजला, सोबत ज्वर आहे आणि पाय टेकवत नाही, अशा रुग्णास लेप लावत बसू नये. सांध्यात पू झाला असल्यास तरुणास्थी काही दिवसांतच नष्ट होते. त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. महिनोन् महिने रेंगाळणारा शोथ, सायंकाळचा ज्वर व कृशता असल्यास क्षयाची तपासणी करावी.

औषधविक्रेत्यांसही विनंती आहे. पुनर्नवा म्हणून घेटुळीऐवजी विषखपरा गळ्यात मारला जातो. माल पारखून घ्यावा. त्याहून गंभीर बाब निनावी ‘वातपुड्यां’ची. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. सूज दोन दिवसांत उतरते, मग चेहरा सुजू लागतो, साखर वाढते. माझ्या त्या डोलीवाल्याच्या खिशातही आठवडी बाजारातील अशीच एक पुडी निघाली होती. पुडीवर ना घटक, ना उत्पादकाचे नाव.