सोसायटीची समिती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गृहनिर्माण सोसायटीचा रोजचा कारभार पाहण्यासाठी सभासदांनी आपल्यातूनच निवडलेले मंडळ म्हणजे व्यवस्थापक समिती. धायरी ऑक्टोबर 2017 मध्ये आणखी दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. पण इथल्या अनेक इमारतींत पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंतची पहिली हाक आजही समितीलाच जाते. ज्या मंडळावर एवढे अवलंबून राहायचे, त्याच्या अधिकारांविषयी गैरसमजही तेवढेच आहेत.

सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे चेअरमन हा सोसायटीचा मालक, निदान सर्वाधिकारी तरी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 72 नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. कायदा, नियम आणि उपविधी यांच्या चौकटीत कारभार चालवणे हे कलम 73 ने समितीकडे दिलेले काम. खर्चाच्या बाबतीत हा फरक लगेच कळतो. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे 50 पेक्षा जास्त सभासदांच्या सोसायटीत समितीला दुरुस्तीवर एका वेळी एक लाख रुपयांपर्यंत खर्च स्वतःच्या अधिकारात करता येतो. जळालेली पाण्याची मोटार समिती त्याच दिवशी दुरुस्तीला पाठवू शकते. साठ फ्लॅटच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचा, तर विषय सभेपुढे ठेवून मंजुरी घ्यावी लागते.

‘सभेला माणसेच येत नाहीत, मग ठराव कसला?’ हाही नेहमीचा प्रश्न. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतील कमी असलेली संख्या पुरते. धायरीतल्या साठ घरांच्या एखाद्या सोसायटीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, सेक्रेटरीच्या हातात हजेरीची वही, आणि वहीत सह्या तेराच. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते. त्यानंतर पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्या तेरा जणांनी केलेला ठराव साठही घरांना लागू होतो. वर गॅलरीत चहा पीत बसलेल्यांचा मेंटेनन्सही त्याच ठरावाने वाढतो. समितीची मनमानी म्हणून जी तक्रार होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा सभासदांनी स्वतःच मोकळी सोडलेली खुर्ची असते.

व्हॉट्सॲप ग्रुपने नवा घोळ घातला आहे. ग्रुपवर चाळीस अंगठे वर आले की निर्णय झाला, असे मानले जाते. पण ग्रुपवरचा कौल म्हणजे ठराव नव्हे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी निघावी लागते, विषयपत्रिका लागते, सूचक-अनुमोदक लागतात आणि झालेला निर्णय इतिवृत्तात उतरावा लागतो. ग्रुपचा ॲडमिन हेसुद्धा निवडून आलेले पद नाही. सभासदाला ग्रुपमधून काढल्याने त्याचे सभासदत्व जात नाही, मताचा हक्कही जात नाही. ‘ग्रुपवर कोणीही काही टाकले तरी ॲडमिन अडकतो’ ही भीतीही अर्धवट ज्ञानातून आलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही.

मतांच्या हिशेबातही गल्लत होते. सहकारी सोसायटीत एका सभासदाला एकच मत, फ्लॅट एका खोलीचा असो की तीन खोल्यांचा. भाडेकरू कितीही वर्षे राहत असला, तरी त्याला मत नाही. पुण्यात मात्र ‘सोसायटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी इमारती कागदोपत्री महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली नोंदलेल्या असतात. तिथे मताचे वजन घोषणापत्रात लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरते, म्हणून मोठ्या फ्लॅटवाल्याचे मत जड पडते. आपली इमारत या दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली आहे, हे माहीत नसलेली घरे थोडी नाहीत. त्यामुळे एका कायद्याचे नियम दुसऱ्या इमारतीत दाखवून वर्षानुवर्षे वाद चालतात.

समिती म्हणजे सात-आठ हौशी माणसे, हीदेखील समजूतच. 100 पर्यंत सभासदांच्या सोसायटीसाठी आदर्श उपविधींत 11 जागा आहेत. सर्वसाधारण सहा, महिलांसाठी दोन, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त यांच्यासाठी प्रत्येकी एक. मुदत पाच वर्षांची. ‘नवे लोक पुढे येईपर्यंत जुनी समिती चालूच’ असे कायदा मानत नाही. वेळेत निवडणूक झाली नाही, तर उपनिबंधक कार्यालयातून प्रशासक येऊ शकतो.

मेंटेनन्स थकवणाऱ्याचे पाणी बंद करायचा हक्क समितीला असतो, असेही सर्रास बोलले जाते. टँकरच्या पैशांवरून चिडचिड झाली की हा विचार हमखास पुढे येतो. पण कायद्याने दिलेली वाट वेगळी आहे. थकबाकीचा तपशील आणि नोटिशींच्या प्रती जोडून उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि वसुली दाखला मिळवायचा. या दाखल्यावर थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. हा मार्ग संथ वाटतो, पण पैसे हाती येतात ते यानेच. नळ तोडल्याने उलट समितीच पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकते.

हिशेब पाहायला मागणे म्हणजे समितीवर अविश्वास, असे समजून अनेक सभासद गप्प बसतात. सहकार कायद्याप्रमाणे उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहणे हा सभासदाचा हक्क आहे. त्यासाठी सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. नकार मिळाला, तर उपनिबंधकांपुढे तीच पोच कामी येते.