डिस्चार्ज मिळाला, आता पुढे काय?

बसमध्ये असाल, हॉस्टेलवर असाल, इअरफोन लावून भांडी घासत असाल, आजचा भाग जरा शांतपणे ऐका.

माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा असताना स्कूटर घसरून पडला. मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, १७ दिवस आयसीयू. वाचला. घरी आला तेव्हा आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारच्या काकूंनी पेढे आणले. अपघाताची गोष्ट लोक इथेच संपवतात. पण डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाच्या घरी मोठं काम डिस्चार्जनंतर सुरू होतं. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून आज मी बोलतेय.

आधी एक आकडा

आयसीयूबाहेर आम्हाला रोज सांगायचे, "जीसीएस सात आहे." जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ही मोजपट्टी मांडली. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, या तीन गोष्टींना गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर.

पण १५ पैकी १५ झाले म्हणजे मूल पहिल्यासारखं झालं, असं नाही. ते पूर्ण शुद्धीवर आहे, एवढंच कळतं. अभ्यास, राग, थकवा यांतलं काहीच हा आकडा मोजत नाही.

शुद्धीवर येणं सिनेमासारखं नसतं

सिनेमात बोट हलतं, डोळे उघडतात आणि हिरो "आई" म्हणतो. प्रत्यक्षात शुद्ध टप्प्याटप्प्याने येते. मधला एक टप्पा फार अवघड असतो. मूल जागं असतं, पण गोंधळलेलं. नळ्या ओढतं, चावतं. आमच्या गुणी बाळाने बाबांना अशा शिव्या दिल्या की बाबा बाहेर जाऊन रडले. डॉक्टरांनी समजावलं की हा संस्कारांचा प्रश्न नाही. स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दुखावलाय.

अशा वेळी रागावून उपयोग नसतो. उजेड मंद, टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, एका वेळी एकच वाक्य. "आज मंगळवार आहे. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. मी ताई." हे दिवसातून वीसदा, न कंटाळता.

घरातल्या तीन ड्युट्या

पहिली, कूस बदलणं. मूल स्वतःहून हलत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर टाचा, माकडहाड, डोक्याची मागची बाजू इथे जखमा होतात. आमच्याकडे तिघांच्या मोबाईलवर अलार्म लावलेले होते.

दुसरी, भरवणं. मेंदूला मार लागला की गिळण्याचं तंत्रही बिघडू शकतं. घास फुफ्फुसात जातो, आणि कधीकधी ठसकाही लागत नाही. सगळ्यात फसवं साधं पाणी, कारण ते घशातून पटकन सरकतं. त्यामुळे आजीला कितीही वाटलं की "घोटभर पेज देऊ या", तरी गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. परवानगी मिळाल्यावरही मुलाला सरळ बसवूनच द्यायचं, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

तिसरी, लक्ष ठेवणं. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, न आवरणारी झोप, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. फिट आली तर कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

बॅटरीचं गणित

जुना फोन आठवा. चार्जिंग १०० टक्के दाखवतो आणि दोन रील बघितल्या की बंद पडतो. दुखावलेल्या मेंदूचं तसंच होतं. टाके भरले, केस उगवले, पोरगा धडधाकट दिसायला लागला. पण शाळेत दोन तास झाले की डोकं टेबलावर. लोक म्हणतात, नाटकं करतोय. नाटक नसतं ते. पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टींसाठी त्याच्या मेंदूला आता जास्त मेहनत पडते. म्हणून आधी अर्धा दिवस शाळा, मध्ये विश्रांती, एका वेळी एकच सूचना, आणि पेपरला जास्त वेळ. हे शाळेशी आधीच बोलून ठेवावं लागतं.

दुसरी बाजूही आहे. सगळं आपणच करून दिलं तर मेंदू शिकत नाही. वारंवार केल्यानेच त्यात नव्या वाटा तयार होतात. भाऊ डाव्या हाताने शर्टचं एक बटण लावायला दहा मिनिटं घ्यायचा. आईचा हात पुढे व्हायचा, आणि ती तो मागे घ्यायची. ते मागे घेणं हीसुद्धा सेवाच.

"लहान आहे, लवकर भरून निघेल"

हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलं. ते अर्धंच खरं आहे. लहान मेंदू लवचिक असतो हे बरोबर. पण त्याला बरंच काही अजून शिकायचं असतं. नियोजन, संयम ही कामं करणारा भाग तर विशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे काही उणिवा मूल मोठं होतं, अभ्यास वाढतो, तेव्हाच दिसतात. तपासण्या चालूच ठेवायच्या त्या यासाठी.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय?

अशा घरी भेटायला जाणार असाल तर मुलासमोर "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नका. स्वतःचं नाव सांगा, पाच मिनिटं बसा. मग त्याच्या आईला म्हणा, "काकू, तुम्ही दोन तास झोपा, मी इथे आहे." आमच्याकडे पेढे पुष्कळ आले, पण हे वाक्य आणणारी एकच मावशी होती. आईला तिचंच नाव आठवतं.

आणि हो, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला कायद्यानेच सक्तीचं आहे.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात.