भेंडी तोडण्यापूर्वी गिऱ्हाईक

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भाजीपाल्यास कल्याण ही जवळची पेठ होय. २०१६ साली राज्य शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त केल्याने शेतकऱ्यास थेट ग्राहक गाठता येतो. परंतु भेंडी झाडावर राहिल्यास निबर होते, तोडून ठेवल्यास सुकते. यास्तव मागणी आधीच नोंदवून घेणे इष्ट.

२०१८ साली भारतात आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या साधनात मालाची छायाचित्रे व भाव विनामूल्य देता येतात. एकाच वसाहतीतील ग्राहकांस, त्यांच्या संमतीने, आदल्या सायंकाळी भाव कळवावा. मागणीपुरता माल थेट पोहोचवून उरलेला बाजार समितीत न्यावा. वजन चोख असावे. पैसे स्वीकारण्यास पिन द्यावा लागत नाही, हे ग्राम कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेतकरी बंधूस समजावून सांगावे.