उल्का बोलते का?

तारा तुटला की आपण पटकन इच्छा मागतो. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र कानही टवकारावेत! कारण काही जण शपथेवर सांगतात, "उल्का दिसली, आणि त्याच क्षणी सूंऽऽ असा आवाज आला." ऐकणारे हसतात. मी मात्र हसणार नाही. का, ते सांगतो.

आधी हिशोब. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, दगडाची वाफ होते, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हाच प्लाझ्मा, आपल्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो. हे सगळं घडतं साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. प्रकाश क्षणात पोहोचतो, पण आवाजाला चार-पाच मिनिटं तरी लागणार. मग लगेच ऐकू येणारा आवाज भासच, नाही का? १७१९ सालच्या इंग्लंडमधल्या अग्निगोलाबद्दल एडमंड हॅलेनेही असंच म्हटलं होतं.

पण १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन के यांनी वेगळी वाट दाखवली. उल्केमागचा खवळलेला प्लाझ्मा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला पीळ देतो आणि त्यातून कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी निघतात. त्या प्रकाशाच्याच वेगाने येऊन जवळची तार, चष्म्याची काडी, अगदी केसही थरथरवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दुसरं कारण मांडलं: अग्निगोलाचा प्रकाश भराभर कमी-जास्त होतो, त्याने केस, सुकी पानं किंचित तापतात-निवतात आणि लगतची हवा हलते. दोन्हींसाठी उल्का भलतीच तेजस्वी हवी. निकाल अजून लागलेला नाही.

उशिरा येणाऱ्या आवाजाबद्दल मात्र वाद नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी धडाके ऐकू आले आणि उल्कापाषाण पडले. २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला लख्ख उजेड पडला, लोक खिडक्यांशी धावले आणि दोनेक मिनिटांनी आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनीच. म्हणून डोळे दिपवणारा उजेड दिसला तर आधी खिडकीपासून लांब!

दरवर्षी १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. आपल्या जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाइतकं काळंभोर आकाश हॉस्टेलच्या गच्चीवर मिळायचं नाही. जमलं तर जा. मोबाइलची गाणी बंद ठेवा, रेकॉर्डर चालू ठेवा, आणि काही ऐकू आलंच तर आधी घड्याळ बघा. चमकेनंतर किती सेकंदांनी ऐकू आलं, ते लिहून ठेवा. सगळा वाद त्या सेकंदांचाच आहे.