फेन्स: समुद्रसपाटीखालच्या शेतांबद्दलचे गैरसमज

इंग्लंडच्या पूर्वेला केंब्रिजशर, लिंकनशर आणि नॉरफक या परगण्यांत फेन्सचा सपाट मुलूख पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर. गहू, बटाटा आणि भाज्यांसाठी नावाजलेल्या या काळ्या जमिनीविषयी काही समजुती घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज: पाणी काढण्यापूर्वी इथे निरुपयोगी दलदल होती.
वस्तुस्थिती: ही दलदल हजारो कुटुंबांना पोसत होती. मासे, रानबदके, छपरे शाकारायला बोरू, जळणाला पीट ही वनस्पतींपासून बनलेली माती आणि उन्हाळ्यात गुरांना हिरवा चारा, सारे इथेच मिळे. वाम मासे तर इतके मुबलक होते, की त्यांच्या रूपात खंड भरला जाई. १०८६च्या डूम्सडे बुक या जमीन-पाहणीच्या दस्तऐवजात तशा नोंदी आहेत. म्हणूनच सतराव्या शतकात धनिकांनी पाणी काढून जमिनी वाटून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सामाईक कुरणे गमावलेल्या गावकऱ्यांनी बांध फोडून प्रतिकार केला.

गैरसमज: डच अभियंता व्हरमायडन याने पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न कायमचा सोडवला.
वस्तुस्थिती: बेडफर्डचा अर्ल या उमरावाच्या पुढाकाराने १६३०च्या दशकात पाणी काढण्याचे काम सुरू झाले. व्हरमायडनने नद्यांचे पाणी सरळ समुद्राकडे नेणारे लांबलचक कालवे खोदवले. पण इथल्या जमिनीत पीट होते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणी निघाले की तो आक्रसतो आणि हवा लागली की कुजून नाहीसा होतो. जमीन खचत गेली, तसे पाणी आपोआप वाहून जाईना. मग पवनचक्क्या आल्या, एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने, पुढे डिझेलचे आणि विजेचे पंप. आजही हे पंप बंद पडले तर शेते पाण्याखाली जातील.

गैरसमज: ही जमीन मुळातच समुद्रसपाटीखाली होती.
वस्तुस्थिती: पीटच्या भागात ती माणसामुळे खचली. याचा पुरावा होम फेन या ठिकाणी उभा आहे. शेजारचे व्हिटल्सी मिअर हे विस्तीर्ण तळे १८५१मध्ये उपसले गेले, त्या सुमारास तिथे एक लोखंडी खांब पुरला आणि त्याचे टोक जमिनीलगत ठेवले. आज तोच खांब सुमारे चार मीटर वर दिसतो. तिथली जमीन समुद्रसपाटीच्या २.७५ मीटर खाली आहे. फेन्समध्ये अनेक ठिकाणी बांधांमधून वाहणाऱ्या नद्या शेतांपेक्षा उंचावर आहेत, त्यामुळे चरांतले पाणी वर उचलून नदीत सोडावे लागते.

गैरसमज: हिवताप हा फक्त उष्ण देशांचा आजार.
वस्तुस्थिती: दलदलीच्या फेन्समध्ये तो कित्येक शतके होता. थंडी-ताप आणि अंगदुखीवर घरोघरी खसखशीच्या बोंडांचा काढा किंवा अफू घेतली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवताप ओसरला. त्यामागे पाण्याचा निचरा, सुधारलेली घरे आणि क्विनीन अशी अनेक कारणे होती.

गैरसमज: जुने फेन्स आता पूर्णपणे संपले.
वस्तुस्थिती: फार थोडे उरले, पण उरले. विकन फेनमधली जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९९पासून जपली आहे. या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, ऑक्टेव्हिया हिल, फेन्समधल्याच विझबीच गावात जन्मल्या होत्या. आता ग्रेट फेन प्रकल्पात होम फेनच्या परिसरातली शेतजमीन पुन्हा ओली केली जात आहे. ओले पीट कार्बन धरून ठेवते, कोरडे पडले की तोच हवेत सोडते.

फेन्सने इंग्लंडला भरभरून धान्य दिले, हे खरेच. पण त्या पिकाखाली गेलेले पीट साचायला हजारो वर्षे लागली होती आणि ते दोन-तीन शतकांत संपत आले. कोणत्याही पाणथळ जागेवर ‘पडीक’ असा शिक्का मारण्याआधी ती कुणाला पोसते आणि काय साठवून ठेवते, हे तपासायलाच हवे.