जर्मनीत असं चालत नाही!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांना हे वाक्य नवीन नाही. जॉबवर ओरखडा निघाला, पाळीवर यायला दहा मिनिटं उशीर झाला, मशीनच्या मागे चहाचा कप सापडला, की कोणी तरी साहेब म्हणायचेच, "जर्मनीत असं चालत नाही!" आणि जर्मनी म्हणजे आमच्यासाठी एकच गाव होतं, स्टुटगार्ट.

त्याचं कारण मायको. नाशिकचं मायको सर्कल जिच्या नावानं ओळखलं जातं, ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी. ही बॉश या जर्मन उद्योगाची भारतातली कंपनी 1951 साली बंगळुरात सुरू झाली आणि पुढं तिचा कारखाना सातपूरलाही आला. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण सर्कल अजून मायकोच आहे. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर ही त्या कारखान्याची ओळख. मी तिथं नोकरीला नव्हतो. वसाहतीत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी जी असंख्य लहान वर्कशॉप्स आहेत, त्यातल्या एकाच्या टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. पण कीर्तीला गेटपास लागत नाही. मोठ्या कारखान्यांतून सहा-आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेले लोक चॉकलेटं आणि बॉलपेनांबरोबर ते शहरही घेऊन यायचे. तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. ट्राम घड्याळ लावावं अशी येते. भोंग्याच्या आधी कामगार मशीनपाशी उभा असतो. आमच्या ऑफिसात एका जुन्या कॅलेंडरचं पान चौकटीत लावलेलं होतं : हिरव्या टेकडीवरचा टीव्ही मनोरा, 1956 साली उघडलेला, काँक्रीटचा असा जगातला पहिला. त्या चित्रात माणूस एकही नव्हता.

हे वाक्य मी नुसतं ऐकलं नाही, वापरलंही. घोटीकडून बसनं येणारा एक अप्रेंटिस होता. हात चांगला, पण आठवड्यातून दोनदा उशीर. एकदा सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "स्टुटगार्टला गाडी मिनिटाला येते आणि माणूसही!" तो खाली मान घालून उभा राहिला. वर्षअखेरीच्या अहवालात मी 'अनियमित' असा शेरा मारला. त्याला पुढं कायम केलं नाही. स्टुटगार्ट तेव्हा मी पाहिलेलंही नव्हतं.

ते पाहिलं 2018 च्या फेब्रुवारीत. मुलगा तिथं नोकरीला लागला होता, आम्ही दोघं नवरा-बायको दोन महिन्यांसाठी गेलो. पहिल्या दिवशी लक्षात आलं की शहर सपाट नाही. वाटीसारखा खोलगट भाग आणि चारी बाजूंनी टेकड्या. उतारांवर चारशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत, नकाशात ते रस्त्यांसारखे दाखवलेले. आमच्या गुडघ्यांना ही कीर्ती कोणी सांगितली नव्हती. आणि त्या उतारांवर, शहराच्या अगदी आत, द्राक्षबागा! गंगापूर-गोवर्धनच्या बागा पाहून मोठा झालेला माणूस मी, मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता स्वच्छतेचं सांगतो, कारण कीर्तीतली पहिली गोष्ट तीच. रस्ते खरंच स्वच्छ होते. मी ते 'जर्मन रक्तातच असतं' या खात्यात टाकलं होतं. मग एका रविवारी रात्री मुलाच्या दाराच्या मुठीला शेजारच्या आजी एक लहानशी पाटी अडकवून गेल्या. सून म्हणाली, "बाबा, आता आठवडाभर आपली पाळी." त्या भागात याला केअरवोखे म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. छोट्या पाळीत आपल्या मजल्यापुढचा जिना झाडायचा-पुसायचा. मोठ्या पाळीत इमारतीपुढची फरसबंदी, अंगण, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा. बर्फ पडलं तर सकाळी लोक कामाला निघायच्या आत पायवाट मोकळी हवी. बर्फावरून घसरून कोणी पडला, तर ज्याच्याकडं ते काम त्याच्या गळ्याशी येऊ शकतं. या चालीचं मूळ 1492 सालच्या शहराच्या नियमांत सांगतात. घाण आठवड्याला बाहेर नेऊन टाका, असं तेव्हाच्या सरदाराला लोकांना दटावून सांगावं लागलं होतं. म्हणजे लोक मुळात टाकत नव्हते! शहरानं ही सक्ती 1988 च्या सुमारास काढली, पण घरभाड्याच्या करारांतून आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांतून ती अजून चालते. आमच्या इमारतीत सर्वांत चोख जिना पुसायचं ते एक तुर्की कुटुंब. जर्मनीनं 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' बोलावले, त्यांतले अनेक इथल्या कारखान्यांत आले आणि राहिले. मी गेलो तेव्हा शहरात दहांतली चारांहून अधिक माणसं बाहेरून आलेली किंवा तशा घरांत जन्मलेली होती. रक्ताचा सिद्धान्त त्या जिन्यावरच निकालात निघाला. तिथं पाटी होती आणि पाळी होती.

वेळेचं मात्र थोडक्यात सांगतो. ट्राम वेळेवर असायची, हे खरं. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचा विषय काढला की मुलाचे जर्मन सहकारी हसायचे. 2024 सालचा तिथल्या रेल्वेचाच आकडा आहे : शंभरातल्या साडेबासष्ट गाड्या वेळेवर, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथं उशीर धरतच नाहीत. शहराच्या मधोमध एक भलामोठा खड्डा होता. मुख्य स्टेशन जमिनीखाली नेण्याचं काम 2010 मध्ये सुरू झालं, 2019 ला गाड्या धावायच्या होत्या. ती मुदत कधीच उलटली आणि साडेचार अब्ज युरोंचा अंदाज अकरा अब्जांच्या वर गेला. हे ऐकून मला, खोटं कशाला सांगू, थोडा आनंद झाला. "मग उशीर झाला की तुम्ही काय म्हणता?" मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "आम्ही म्हणतो, स्वित्झर्लंडमध्ये असं होत नाही."

खरा धक्का हवेनं दिला. टीव्हीवर रोज सूचना यायची, आज धूळ-इशारा आहे, गाडी घरी ठेवा, ट्रामनं जा. शहर वाटीत वसलेलं. थंडीत वारा पडला की वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर आत कोंडतो. नेकारटोर नावाचा एक चौक तर देशातल्या सर्वांत वाईट हवेच्या जागांमध्ये गाजलेला. 2017 साली शहरानं तिथं रस्त्याकडेला शंभर मीटर लांबीची शेवाळाची भिंत उभी केली होती, शेवाळ धूळ खाईल या आशेनं. आम्ही तिथं असतानाच, 27 फेब्रुवारीला, लाइपझिगच्या न्यायालयानं निकाल दिला की शहरांना जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल. त्या खटल्यातल्या दोन शहरांपैकी एक स्टुटगार्टच होतं. 1 जानेवारी 2019 पासून ती बंदी तिथं लागू झाली. बातमी पाहताना मी बराच वेळ गप्प होतो. ज्या डिझेलच्या नोझलवर सातपूरच्या हजारो घरांची चूल पेटली, माझीही पेटली, त्या डिझेलला त्याच्याच गावात दार बंद होत होतं. त्या शहराच्या पोटातून वाहणारा नेझेनबाख नावाचा ओढा केव्हाच झाकून गटारात घातलेला आहे, हेही तिथंच कळलं. आपली नासर्डी निदान दिसते तरी.

आणि बाटल्या. जर्मनीत 2003 पासून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीवर आणि कॅनवर पंचवीस सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पैसे परत. व्यवस्था उत्तम. पण संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर नीटनेटका कोट घातलेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ बॅटरी घेऊन कचऱ्याच्या डब्यात वाकून बाटल्या शोधताना मी रोज पाहायचो. आमच्याकडं घंटागाडीमागं धावणाऱ्या बायका मला आठवायच्या. एकदा आमची नजरानजर झाली. मी पाहायला नको होतं, असं वाटून मान वळवली.

परगावाची कीर्ती खोटी असते, असं मला म्हणायचं नाही. रात्री अकराला, रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल दिव्यापाशी थांबलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण कीर्ती नेतं कोण, हे पाहिलं पाहिजे. सहा आठवडे गेलेला माणूस कारखाना, गेस्टहाउस आणि रविवारची एक सहल पाहतो. परत आल्यावर त्याला ज्यांच्यासमोर बोलायचं असतं त्यांच्या उपयोगाचं तेवढंच तो सांगतो. रॉबर्ट बॉश यांनी 1886 मध्ये स्टुटगार्टला लहानसं वर्कशॉप काढलं, हे आम्हाला पाठ होतं. पण त्याच माणसानं 1906 मध्ये आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस आणला आणि 1913 मध्ये तिथंच संप झाला, हे तीस वर्षांत कोणी आमच्या कानावर घातलं नाही. आणि जो तिथं राहतो, ज्याला सगळं ठाऊक असतं, तो सांगत नाही. मुलानं पहिली दोन वर्षं फोनवर 'सगळं छान' एवढंच सांगितलं. पहिल्या नाताळात दुकानं सलग बंद होती, तेव्हा तो एकटा खोलीत ब्रेड खाऊन राहिला होता, हे सुनेकडून कळलं.

कीर्ती उलटतेही. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का 1887 साली ब्रिटिशांच्या कायद्यानं आला, तो लोकांनी जर्मनीचा हलका माल ओळखावा म्हणून! शेजारच्या आजींकडं आपलीही कीर्ती पोचलेली होती. 1968 पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत, पण आजींना हिंदुस्थान ठाऊक होता तो चर्चमधल्या मदतीच्या डब्यावरच्या चित्रापुरता. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्याकडं आता पुरेसं खायला मिळतं का?" बायकोनं त्यांना पुरणपोळी नेऊन दिली.

परत आल्यावर त्या घोटीच्या पोराचा पत्ता काढला. पोरगा कसला, पन्नाशीला आलेला. अंबडला स्वतःचं वर्कशॉप आहे, सहा मशीन, अकरा माणसं. मी त्या शेऱ्याबद्दल बोललो. तो म्हणाला, "सर, तेव्हा घोटीहून पहिली बस साडेसहाची होती. तुम्ही विचारलं नाही." मग चहा आला. मी धुरकट हवा, उशिराच्या गाड्या, पाळीची पाटी सगळं सांगितलं. तो फक्त पाटीपाशी थांबला.

"तुमच्यावर आली होती पाळी?"

"दोनदा."

"मग झाडलंत?"

"झाडलं. दुसऱ्या वेळी आजी मागून येऊन पुन्हा झाडून गेल्या."

तो इतका हसला, की लेथवरच्या पोरानं मशीन बंद करून वळून पाहिलं.