लेखणीकडून खुर्चीकडे

बालमित्रांनो, टीव्हीवर रोज बातम्या सांगणारा एखादा पत्रकार अचानक निवडणुकीला उभा राहतो. मग घरोघरी चर्चा रंगते. आजोबा म्हणतात, "काल प्रश्न विचारत होता, आज उत्तरं द्यायला निघाला!" पण ही वाट टीव्हीच्याही खूप आधीची आहे, बरं का! आपल्या यवतमाळची माणसं या वाटेनं केव्हाच चालून गेली आहेत.

माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे, यांचा जन्म १८८० सालचा, वणीचा. यवतमाळात ते वकिली करत. १९१८ मध्ये त्यांनी तिथून एक साप्ताहिक काढलं. नाव सुचवलं खुद्द लोकमान्य टिळकांनी : 'लोकमत'.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. विदर्भात समुद्र कुठला? पण राखीव जंगल होतं, आणि तिथलं गवत परवानगीशिवाय कापायला बंदी होती. गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा जाचत होता. १० जुलैला बापूजींनी पुसदजवळ गवत कापून तो मोडला. त्यांना अटक झाली.

खरी कसोटी पुढेच होती. १९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ज्यांच्याशी भांडलो, त्यांच्याच शेजारी खुर्ची! फेब्रुवारी १९४३ मध्ये कैदेतल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडेना. तेव्हा बापूजींनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ मध्ये नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

आणि 'लोकमत'? मध्यंतरी बंद पडलेलं हे साप्ताहिक बाभुळगावच्या जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळातूनच पुन्हा सुरू केलं. १९७१ मध्ये नागपूरहून ते दैनिक झालं. दर्डाही पुढे राज्यात मंत्री झाले.

आता तुम्हीच सांगा, वर्तमानपत्र चालवणारा माणूस मंत्री झाला, तर सरकारची चूक छापताना त्याचा हात आखडेल का? की लोकांची दुःखं त्याला आधीच ठाऊक असल्यानं काम अधिक चांगलं होईल? दोन्ही बाजूंना वजन आहे. आई-बाबांशी यावर जरूर वाद घाला. मात्र बापूजींची एक गोष्ट ध्यानात ठेवा. खुर्चीवर बसणं त्यांना जमलं, आणि वेळ आली तेव्हा ती सोडणंही जमलं.